आप्पांची बदली

धर्माबादच्या आमच्या भाड्याच्या घरात पहिली सात वर्षं भिंतीला एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आरसा कपाटाला टेकवलेला आणि माझं दप्तर दाराच्या कडीला. आई अधूनमधून खिळ्याचा विषय काढायची. आप्पा म्हणायचे, "कशाला उगं भिंत खराब करायची? जूनमंदी जायचंच हाय." कुठल्या जूनमध्ये, हे विचारायची मात्र सोय नव्हती.

आप्पा म्हणजे माझे वडील, आनंदराज सूर्यवंशी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. हा शब्द कागदावरच राहिला, गावात सगळे त्यांना डॉक्टरसाब म्हणायचे. मूळचे ते देवणीचे, आणि गाईबैलांच्या बाबतीत देवणीच्या माणसाला किती गर्व असतो ते मला विचारा. रस्त्यात पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली एखादी गाय दिसली की आमची मोटारसायकल थांबलीच म्हणून समजा. "बघ साक्षी, कान बघ तिचे. ही आपल्याकडली." मग तिच्या मालकाची चौकशी, तिच्या आईची चौकशी. मी मागच्या सीटवर शाळेला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला यायची.

दोन हजार एकला त्यांची धर्माबादला बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. देवणीहून धर्माबाद जेमतेम सव्वाशे किलोमीटर असेल. उदगीर, देगलूर, बिलोली करत गाड्या बदलत आलं की दिवस मावळायच्या आत माणूस पोचतं. पण आप्पांचा चेहरा असा, की जणू आम्हाला समुद्रापलीकडे पाठवलंय. त्याला कारण होतं. देवणीला त्यांची आई एकटी राहिली होती. तिचं नाव गौरम्मा, पण आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो. आप्पा सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. अव्वानं लोकांच्या रानात खुरपून, शेळ्या पाळून या एकुलत्या एका लेकाला शिकवलं. आम्ही निघालो त्या दिवशी ती गाडीच्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "मी मरायच्या आत माघारी ये रे बाबा." आप्पांनी तिचा हात धरून "येतो" म्हटलं. तेवढ्या एका शब्दावर आमच्या घरानं पुढची सात वर्षं काढली.

आता देवाचा यात कसा संबंध आला ते सांगते. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपली की वचनाचं ताट फिरतं. पाळकांच्या घरच्यांनी रंगीत कागदावर शास्त्रातली एकेक ओळ लिहिलेली असते, कागद घडी घालून ताटात ठेवलेले असतात. ज्याच्या हाताला जे येईल ते त्याचं वर्षभराचं वचन. मी आता लातूरला शाळेत शिकवते, तिथंही हे ताट फिरतं, आणि भलीभली शिकलेली माणसं डोळे मिटून, बोटं फिरवत, जरा जाड चिठ्ठी शोधतात. मला हसू येतं. मीही तेच करते ते सोडा.

दोन हजार दोनच्या पहिल्या तारखेला आप्पांच्या हाताला यिर्मया संदेष्ट्याची ओळ आली. देव सांगतो आहे की तुमच्याविषयीचे माझे बेत मला ठाऊक आहेत, ते तुमच्या भल्याचे आहेत, आणि मी तुम्हाला तुमच्या ठिकाणी परत नेईन. पिवळा कागद, हिरवी शाई. आप्पांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, आईला दाखवली, मला दाखवली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सरकारचा हुकूम यायचा होता, देवाचा आला होता. त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे धर्मशाळा झालं. भांड्यांचं एक पोतं उघडलंच नाही. आईनं कढीपत्त्याचं रोप आणलं तर ते शेजारी देऊन टाकायला लावलं. "आपन गेल्यावर त्याला पानी कोन घालंल?"

दरवर्षी आप्पा बदलीचा अर्ज करायचे. जिल्ह्याच्या ऑफिसात बजरंगकाका म्हणून त्यांच्या ओळखीचे एक बाबू होते. माणूस मोठा गोड. दर खेपेला चहा पाजून सांगायचे, "सूर्यवंशी, फिकीर करू नका. दोन वर्षांत तुमचं काम शंभर टक्के." ही दोन वर्षं काही संपेनात. आप्पा नांदेडहून हसत यायचे आणि आईला म्हणायचे, "दोनच वर्षं म्हनले." आई पोळपाट पुढं ओढायची.

माझं काय व्हायचं ते कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगून घेते. दर मे महिन्यात मी शाळेतल्या शिवांगीचा निरोप घ्यायची. पहिल्या वर्षी तिनं मला कंपासपेटी दिली, दोघी गळ्यात पडून रडलो. दुसऱ्या वर्षी केसांचा पट्टा दिला. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "तू आधी जा, मग देते." आज हसते, पण तेव्हा फार लागलं होतं. त्या गावात माझ्या आवडीचं किती काय होतं! मिरचीच्या हंगामात बाजारातून आलेल्या वाऱ्यानं अख्खा वर्ग शिंकायचा आणि बाईंनाही शिंका आवरायच्या नाहीत. आगगाडी आली की आम्ही कुंपणावर चढून डबे मोजायचो. रस्त्याच्या एका बाजूला मराठीत भांडण सुरू व्हायचं आणि दुसऱ्या बाजूला तेलुगूत मिटायचं. पण घरात या गावाचं कौतुक करायची चोरी होती. आप्पांच्या लेखी धर्माबाद म्हणजे फलाटावरचं बाकडं.

जवळच्या एका खेड्यात व्यंकटी नावाचा शेतकरी होता. त्याच्या चार-पाच गाई होत्या आणि गावात अशा वीस-पंचवीस. सगळ्या रंगांची, सगळ्या जातींची सरमिसळ. त्याच्या मनात होतं की गावासाठी एक अस्सल देवणी वळू पाळावा आणि हळूहळू गाईंचं एक घराणं उभं करावं. त्यासाठी जाणता माणूस हवा होता. तो दरवर्षी यायचा, दाराशी चप्पल काढून उभा राहायचा. "डाक्टरसाब, तुमी हाव म्हना फक्त. वासरू मी आनतो."

आप्पा म्हणायचे, "अरे व्यंकटी, हे एका-दोन वर्षांचं काम न्हाई. वळू कसा हाय ते वळूकडं बघून कळत न्हाई. त्याच्या लेकी व्हाव्या लागत्यात, त्या मोठ्या व्हाव्या लागत्यात, त्या व्याव्या लागत्यात, मग त्यांच्या दुधात कळतं. धा वर्षं लागतील. मी कुठं असनार तवर?"

व्यंकटी हसून चप्पल घालायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचा.

दोन हजार आठला अव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिला दिसेनासं झालं तरी ती देवणीचं घर सोडायला तयार नव्हती. शेवटी आप्पा जाऊन तिला घेऊन आले. नांदेडला ऑपरेशन झालं, आणि आठ दिवस डोळ्यांत औषध घालायचं म्हणून ती आमच्याकडे राहिली. चौथ्या दिवशी पट्टी निघाली. अव्वानं आधी मला पाहिलं, आईला पाहिलं, मग घर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या हातात तिची कापडी पिशवी होती. ती अडकवायला तिला जागा सापडेना.

"हे काय रे आनंदा? सात वर्षं झाली तुला इथं. काल उतरल्यासारखं घर हाय हे."

आप्पांना तो क्षण मोठा वाटला असावा. त्यांनी पाकिटातून ती पिवळी चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटत आलेली, हिरवी शाई उडालेली. त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "देवानं सबूद दिलाय अव्वा. म्हनून मांडलं न्हाई काही. मी तुझ्याकडं येऊन राहिलो, बग तू."

अव्वाला अक्षर येत नव्हतं. पण देवणीला पूर्वी एक म्हातारे उपदेशक असत. ते रविवारी दुपारी लिंबाखाली बसून शास्त्राचे अध्यायच्या अध्याय वाचायचे आणि बाया ज्वारी निवडत ऐकायच्या. चाळीस वर्षं ऐकलेलं तिच्या डोक्यात होतं. ती मला म्हणाली, "साक्षी, शास्त्र घे. यिर्मयाचं ते पत्र काढ. वरपास्नं वाच, मधनं न्हाई."

मी वाचायला लागले. यरुशलेमातल्या लोकांना धरून बाबेलला नेलेलं असतं. परक्या मुलखात ती माणसं आज जाऊ, उद्या जाऊ करत बसलेली असतात. त्यांना यिर्मया पत्र पाठवतो. त्यात तो लिहितो की घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यातलं पिकेल ते खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. आणि परत नेण्याचं म्हणाल तर सत्तर वर्षांनी. त्याच्यानंतर कुठे आप्पांची ओळ आली.

मी थांबले. आईनं भाकरी थापायची थांबवली होती.

"सत्तर," अव्वा म्हणाली. "वय झालेल्या मानसांला आलेलं पत्र हाय ते. ज्यानं वाचलं त्यो कुठला माघारी जातोय? त्याची नातवंडं गेली असतील."

"मग देवानं मला फसवलं म्हन की!" आप्पांचा आवाज चढला. अव्वापुढं त्यांना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"देवानं न्हाई. तू चिठ्ठी वाचलीस, पत्र न्हाई वाचलं."

"तुला तर वाचता बी येत न्हाई, अव्वा."

"म्हनून तर मला सगळं ऐकावं लागतं. तुमी वाचनारी मानसं, पाह्यजे तेवढंच वाचता. यिर्मयाच्या वक्ताला हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. त्यो लोकांला सांगायचा, दोन वर्षांत समदे घरी. लोकांला त्योच गोड लागायचा. यिर्मयाला मातुर चिखलाच्या हौदात टाकला, तरी त्यानं सत्तरचं दोन केलं न्हाई. त्याला सवताला काय बघायला मिळनार होतं? काही न्हाई. तरी बोलला. देवाचं काम आपल्या जिंदगीहून लांब असतं रे. तुला हे मी सांगावं? तूच म्हनतोस ना, वळूचं गुन लेकीच्या दुधात कळतं म्हनून? मग देवाचंच काऊन एका जूनमंदी मोजतोस?"

आप्पा चप्पल घालून बाहेर पडले. पुढचे तीन रविवार ते उपासनेला आले नाहीत. पाळकसाहेब विचारपूस करायला आले तर मागच्या दारानं दवाखान्यात गेले. मला त्यांची भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर दयाही यायची. सात वर्षं एका ओळीवर काढायची आणि ती ओळ अर्धीच निघावी, हे काही सोसायला सोपं नाही. मी अव्वावर मनातून रागावले होते. म्हातारीला काय गरज होती वरून वाचायला लावायची?

आठ दिवस होऊन गेले, पंधरा झाले, अव्वा जायचं नाव काढेना. एक दिवस देवणीच्या शेजारणीचा फोन आला आणि बोलता बोलता कळलं की अव्वानं आपल्या तिन्ही शेळ्या तिला देऊन टाकल्यात. घराची किल्लीही तिच्याकडेच ठेवायला सांगितलीय. आप्पा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"अव्वा, तू घर मोडून राहिलीस?"

"मोडून न्हाई. इथं मांडून राहिले." ती खाली बघत बोलत होती. "चूक तुझी येकट्याची न्हाई. मीच तुला माघारी ये, माघारी ये म्हनून बांधून टाकलं. माझ्यापायी तुझ्या लेकराला ह्या गावात धड मैतरीन करता येईना. देवणीत माझं काय हाय आता? मला बी वाटत होतं, देवानं तुला माझ्याकडं आनावं. त्यानं मला तुझ्याकडं आनलं. आता त्याच्याशी भांडत बसू का?" मग तिनं मान वर केली. "आधी ही पिशवी अडकवायला एक खिळा मार. सतरा दिवस झाले मांडीवर घेऊन बसलेय."

आप्पांनी खिळा आणला, पण हातोडी नव्हती, आमच्या घरात ती असणार कुठून! शेवटी वरवंट्यानं ठोकला. वाकडाच बसला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि मी विचारलं तर म्हणाली, मिरचीचा ठसका लागला. पुढच्या आठवड्यात आप्पा आणि व्यंकटी देवणीच्या जनावरांच्या बाजाराला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच आप्पा देवणीला जाऊन स्वतःच्या घरी न थांबता परत आले. टेम्पोत वर्षाचं एक गोऱ्हं होतं, लांब कानांचं, आणि त्याला वारा लागू नये म्हणून आप्पांनी आपला स्वेटर त्याच्या अंगावर टाकला होता.

त्यानंतरची चार वर्षं माझ्या आठवणीतली सगळ्यात सुखाची. अंगणात कढीपत्ता आला, शेवगा आला. भांड्यांचं पोतं उघडलं तेव्हा त्यात आईच्या लग्नातली पितळी परात निघाली, ती मी पहिल्यांदाच पाहिली. अव्वा स्वतःशी कानडी, आमच्याशी मराठी आणि व्यंकटीच्या बायकोशी, भामाबाईशी, स्वतःच तयार केलेली तेलुगू बोलायची. भामाबाईला ती किती कळायची देव जाणे, पण दोघी तासन्‌तास बसायच्या. रोज संध्याकाळी अव्वा धर्माबादसाठी प्रार्थना करायची, आणि तीही मोघम नाही. मिरचीला भाव दे, शाळेच्या बाईंचं बाळंतपण सुखरूप कर, शिवांगीच्या बापाची दारू सोडव, व्यंकटीच्या वळूच्या खुराला आराम दे. सुरुवातीला आप्पा नुसते बसून असायचे. मग एके दिवशी अव्वाला वळूच्या कुठल्या खुराला लागलंय ते आठवेना, तर आप्पांनी डोळे मिटूनच सांगितलं, "मागच्या डाव्या." आणि शेवटी आमेनही म्हणाले.

दोन हजार बाराच्या डिसेंबरात अव्वा गेली. जायच्या आधी दोन दिवस आप्पांनी विचारलं होतं, तुला देवणीला न्यायचं का, माझ्या बापाशेजारी. ती म्हणाली, "हितंच ठेव. जवळ ऱ्हाते." गावाबाहेर आमच्या लोकांची थोडी जागा आहे. तिथं व्यंकटीनं आणि त्याच्या गावच्या चौघांनी खड्डा खणला. भामाबाई तेलुगूत रडत होती. मातीची मूठ टाकताना आप्पांचा हात उघडेना, तो मी उघडला.

आणि सहा महिन्यांनी, जूनमध्ये, जुन्या अर्जांवर बदलीचा हुकूम आला. देवणी. बजरंगकाकांनी फोन करून पेढे मागितले.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. आप्पांनी तो कागद वाचला आणि अंगणात येऊन बसले. "आता?" एवढंच म्हणाले. "आता व्हय?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला देवाचा इतका राग आला की काय सांगू. सात वर्षं ज्याच्यासाठी माणूस झुरला ते त्याला द्यायचं, आणि ज्या माणसासाठी हवं होतं ते उचलून नेल्यावर द्यायचं, ही कुठली रीत?

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "साक्षी, यिर्मयाला राग येत नसंल का गं देवाचा?"

"येत होता, आप्पा. भांडायचा तो. तू मला फसवलंस असंही म्हणाला होता एकदा. शास्त्रात आहे."

"मग बरं," आप्पा म्हणाले. त्यांना कशानं बरं वाटलं ते मी विचारलं नाही. त्यांनी तोंड धुतलं आणि मोटारसायकल काढली. मी मागे बसले. ते थेट व्यंकटीच्या रानात गेले. वळूच्या पहिल्या लेकी तिथं चरत होत्या, अकरा कालवडी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, त्यांतली सगळ्यात मोठी दोन वर्षांचीही नव्हती. अजून त्या गाभण राहायच्या, व्यायच्या, मग त्यांचं दूध दिसायचं. व्यंकटीला हुकमाची बातमी कळली होती. तो चप्पल काढून बांधावर उभा राहिला. आप्पा प्रत्येक कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "चप्पल घाल रे. काटे हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. बदली रद्द करण्याचा अर्ज. आप्पांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून लिहायचं मी. नाव झालं, हुद्दा झाला, विषय झाला. मग कारण आलं. बजरंगकाकांनी फोनवर सुचवून ठेवलं होतं की प्रकृतीचं कारण टाका, लगेच होऊन जाईल. मी विचारलं, "तब्येतीचं लिहू?"

"खोटं कशाला? लिही, माझी आई येथे आहे."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"लिही की," आप्पा म्हणाले. "ती हितंच हाय."

मी लिहिलं, आणि त्यांनी खाली सही केली.